कवडशाची साक्ष : कोयनानगरच्या भूकंपलेखकांची कथा



कोयनानगरचे नाव निघाले की दोन गोष्टी लागोपाठ आठवतात. एक धरण, दुसरा भूकंप. दोहोंविषयी आजवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती या दोहोंच्या मानाने फारच किरकोळ वाटेल. नखाएवढा एक आरसा, त्याच्यावर पडणारा दिव्याचा एक बारीक किरण, आणि त्या किरणाचा कागदावर उमटणारा कवडसा. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात जमीन किती जोराने हलली, कोणत्या दिशेने हलली, किती वेळ हलली, हे आज जे आकड्यांत सांगता येते, ते सारे या कवडशाने लिहून ठेविले म्हणून. घरे पडली हे सांगायला यंत्र लागत नाही. धरणाला तडे नेमके कोठे गेले आणि तेथेच का गेले, हे सांगायला मात्र लागते.

कवडसा लिहितो केव्हा? दिवा, फट, भिंग, आरसा आणि कागद ही पाचही एका नेमक्या मार्गावर बसलेली असतील तेव्हा. हा मार्ग आपोआप टिकत नाही. तो वरचेवर तपासावा लागतो, सरकला असेल तर मळसूत्र फिरवून पुन्हा जागेवर आणावा लागतो. इतिहासाच्या पुस्तकांत असल्या कामाला सहसा जागा मिळत नाही, आणि म्हणूनच आम्ही हा विषय मुद्दाम निवडला आहे.

उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचविण्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी खेळला आहे. मनगट किंचित हलले तरी कवडसा भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. शास्त्रज्ञांनी याच खेळाला मोजमाप लाविले. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो, आणि किरणाची वाट जितकी लांब तितका कवडसा अधिक सरकतो. आरसा एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने वळला, तर एक मीटर दूरच्या कागदावर कवडसा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक सरकतो. कलेएवढे वळण डोळ्यास दिसत नाही. अर्धा मिलिमीटर दिसतो. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या तरफेला वजन असते, तिच्या सांध्यांत घर्षण असते. किरणाच्या तरफेला यांतले काहीच नाही. जर्मनीत पोगेनडॉर्फने १८२६ च्या सुमारास ही युक्ती चुंबकसूचीला लाविली, थोर गणिती गाउस याने ती पुढे नेली, आणि १८५८ त अटलांटिक समुद्राच्या तळावरून आलेल्या तारेच्या क्षीण खुणा वाचण्यासाठी विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढील काळच्या लॉर्ड केल्व्हिनने, तिचाच आश्रय केला.

मात्र या तरफेत एक खोड आहे, आणि पुढची सारी कथा त्या खोडीभोवती फिरते. जी युक्ती जमिनीचे हलणे मोठे करून दाखविते, तीच यंत्राच्या बैठकीचा दोषही तितकाच मोठा करून दाखविते. दिव्याची खुंटी सैल झाली, भिंग किंचित कलंडले, दमट हवेने आरशावर बुरशीचा ठिपका चढला, तरी कागदावर काहीतरी उमटतेच. ते भूकंपाचे की खुंटीचे, हे कागद सांगत नाही.

आपल्या मुलखाला ही विद्या नवी नव्हती. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरील स्फोटामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याची जगातील मोलाच्या नोंदींत गणली जाणारी एक नोंद कुलाब्याची आहे. तेव्हा माणसे डोळ्यांनी आकडे वाचीत. पुढे आरसा, दिवा आणि प्रकाशाने काळा पडणारा कागद अशी योजना आली आणि निरीक्षकाच्या झोपेच्या वेळीही नोंद चालू राहू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस कुलाब्यास मिल्नचा भूकंपलेखकही बसला. त्यातही लिहिण्याचे काम प्रकाशाकडेच होते.

कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस हे १८९६ त त्या जागेवर आले. थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. ट्रामच्या विजेने चुंबकसूची विचलित होणार, आणि मग अर्ध्या शतकाहून अधिक काळ अखंड चाललेली नोंद निरुपयोगी ठरणार, हे मूस यांनी ओळखिले. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागेस नवी वेधशाळा उभारविली. पोरबंदरच्या दगडाची, लोखंडाचा खिळासुद्धा वर्ज्य केलेली ती इमारत. मूस यांचे शहाणपण आम्हांस त्यापुढच्या पायरीत दिसते. १९०४ पासून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी त्यांनी एकाच वेळी निरीक्षणे चालू ठेविली. जुन्या कवडशाचे आकडे नव्याशी ताडून पाहिल्यावाचून जुना दिवा मालविला नाही. जुने यंत्र आधी मोडीत काढून मग नवे आणावयाचे, आणि दोहोंचा सांधा कधी जुळवायचाच नाही, ही आपल्याकडची सर्रास रीत. तिच्या पार्श्वभूमीवर हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता कोयनेकडे वळू.

पाटण तालुक्यात हेळवाकजवळ कोयना नदीवर धरणाचे काम १९५४ च्या सुमारास सुरू झाले. सह्याद्रीच्या पूर्वेकडे पडणारे पाणी अडवावयाचे, बोगद्याने ते पश्चिमेस वळवून कोकणच्या बाजूस पोफळीजवळ डोंगराच्या पोटातील वीजघरात सोडावयाचे, अशी ही धाडसी योजना. धरणाची उंची १०३ मीटर, लांबी सुमारे ८०० मीटर. कामगारांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी जी वसाहत झाली तिचेच नाव कोयनानगर. १९६१-६२ त तलावात, म्हणजे शिवसागरात, पाणी साठू लागले. आणि १९६२ पासूनच आसपासच्या गावांतील लोक सांगू लागले की जमिनीतून गडगडाट ऐकू येतो, भांडी वाजतात.

लोकांचे सांगणे खरे होते, पण ते मोजलेले नव्हते. दख्खनचे पठार हे अचल, भूकंपापासून मुक्त, असे त्या काळी शिकविले जात असे. या खोऱ्यात तेव्हा भूकंपलेखक नव्हता. जवळचे केंद्र म्हणजे पुणे, आणि ते शंभर किलोमीटरहून दूर. इतक्या अंतरावर लहानसा धक्का विरून जातो. तेव्हा पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेने १९६३ त कोयना, सातारा, महाबळेश्वर आणि गोवळकोट अशा चार ठिकाणी भूकंपनिरीक्षणाची केंद्रे उघडली. चार ठिकाणी का? एका केंद्रावरून धक्का किती दूर झाला ते कळते, पण कोठे झाला ते कळत नाही. निदान तीन ठिकाणांहून अंतरे काढून नकाशावर वर्तुळे काढली म्हणजे ती जेथे छेदतील ती धक्क्याची जागा. एका केंद्राचा कवडसा त्या दिवशी बिघडलेला असेल तर वर्तुळ एक कमी होते, आणि धक्का सातारच्या की चिपळूणच्या बाजूचा याचा पत्ता लागत नाही.

या केंद्रांत वापरलेल्या यंत्रांपैकी वुड-अँडरसन भूकंपलेखकाचे वर्णन येथे थोडे सावकाश केले पाहिजे. कॅलिफोर्नियात भूकंपशास्त्री हॅरी वुड आणि ज्योतिर्विद जॉन अँडरसन यांनी १९२० नंतरच्या दशकात हे यंत्र बनविले. त्यात जड लंबक नाही. केसाहूनही बारीक, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतक्या जाडीची टंगस्टनची एक तार उभी ताणलेली असते. तिला एका अंगाने तांब्याची एक इवलीशी कांडी चिकटविलेली असते. वजन एका ग्रॅमहून कमी. जमीन आडवी हलली की यंत्राची चौकट हलते, कांडी मात्र आपल्या जडत्वाने मागे राहू पाहते, आणि तारेला पीळ पडतो. कांडीवर चिमुकला आरसा. दिव्याचा किरण फटीतून आणि भिंगातून येऊन त्या आरशावर पडतो आणि परत फिरून सुमारे एक मीटर दूरच्या पिंपावर गुंडाळलेल्या फोटोच्या कागदावर टाचणीच्या टोकाएवढा कवडसा पाडतो. पिंप सेकंदास एक मिलिमीटर या चालीने फिरते आणि फिरता फिरता बाजूस सरकते, त्यामुळे दिवसभराची रेघ मळसूत्रासारखी एकाखाली एक बसते. दर मिनिटास कवडशाला हिसका देऊन वेळेची खूण उमटविली जाते. डोलणारी कांडी डोलतच राहू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंस चुंबक असतो.

आता हे यंत्र जुळविणे कसे असते ते पाहू. प्रथम बैठक. ती खडकापर्यंत गेलेल्या, खोलीच्या फरशीपासून सुट्या ठेविलेल्या खांबावर असते, कारण निरीक्षकाचे पाऊलही यंत्रास भूकंपच वाटते. मग पायांची मळसूत्रे फिरवून पाणसळीने सपाटी साधावयाची. ती साधली नाही तर कांडी एका अंगाला झुकते, यंत्राचा झोका बदलतो, आणि सेकंदाच्या दशांशांत ठरलेला काळ भलताच येतो. या यंत्राचा ठरलेला झोका ०.८ सेकंदाचा. त्यानंतर दिवा. दिव्याचा तंतू फटीच्या बरोबर मागे आला पाहिजे. फटीतून निघालेला उजेड आरशाच्या मध्यावर पडला पाहिजे, कडेवर पडला तर अर्धा उजेड वाया जातो आणि रेघ फिकी येते. मग भिंग मागेपुढे सरकवून कवडसा अगदी बारीक करावयाचा. हे सारे अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याच्या उजेडात. शेवटी यंत्रास बारीकसा धक्का देऊन कवडसा किती डोलतो, किती डोलांत थांबतो, ते मोजून वहीत मांडावयाचे. रोज कागद बदलताना जुनी रेघ धुऊन पाहिली म्हणजेच कळते की काल सारे ठीक होते की नव्हते. म्हणजे चूक झाली असेल तर ती एका दिवसानंतर कळणार, आणि गेलेला दिवस परत मिळणार नाही.

जुळवणुकीची ही विद्या जुन्या यंत्रांबरोबर संपली असे मात्र कोणी समजू नये. आज मोठ्या कारखान्यांच्या धुराड्यांत वायूचे प्रमाण मोजण्यासाठी लेसरचा किरण वापरतात. धुराड्याच्या एका अंगास किरण सोडणारी पेटी, समोरच्या अंगास तो घेणारी. मधल्या धुरातील एखादा वायू आपल्या ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेतो, आणि किती शोषला यावरून तो वायू किती हे ठरते. येथेही पहिले काम तेच. दोन्ही पेट्या अगदी समोरासमोर आणावयाच्या, बैठकीची मळसूत्रे थोडथोडी फिरवून पलीकडे पोचणारा उजेड जास्तीत जास्त होईल तेथे थांबावयाचे, काचांवर काजळी चढू नये म्हणून स्वच्छ हवेचा झोत चालू ठेवावयाचा. धुराडे थंड असताना साधलेली रेषा धुराडे तापल्यावर पत्रा फुगल्यामुळे हटते, म्हणून तापल्यावर ती पुन्हा पाहावी लागते. पलीकडे उजेड कमी पोचला तर तो वायूने खाल्ला, काजळीने अडविला की किरणच चुकला, हा प्रश्न यंत्र चालविणाऱ्यापुढे रोज उभा असतो. कोयनेच्या निरीक्षकापुढे हाच प्रश्न दुसऱ्या वेषात उभा होता.

१९६३ पासून चार वर्षे हे कवडसे लिहीत राहिले. लहान लहान शेकडो धक्के नोंदले गेले, आणि त्यांतील पुष्कळसे तलावाच्या आसपासचे आहेत असे दिसून आले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचांहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, तो मोठा भूकंप झाला.

त्या पहाटेचे वर्णन येथे करण्याचा आमचा विचार नाही. त्या खोऱ्यातील घराघरांत ते आजही सांगितले जाते, आणि आमच्या शब्दांनी त्यात काही भर पडणार नाही. सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरची बहुतेक घरे कोसळली, दूर मुंबई-पुण्यापर्यंत जमीन हादरली, आणि वीजघर बंद पडल्यामुळे मुंबईस अंधार झाला. भूकंपाची तीव्रता ६.३ होती असे आज सामान्यतः मानतात. आरंभीच्या आकडेमोडीत याहून मोठे आकडेही दिले गेले होते.

अशा वेळी वुड-अँडरसनचा कवडसा काय लिहिणार? त्याचे वर्धन २८०० पट मानीत. म्हणजे जमीन एक मिलिमीटर हलली तर हिशेबाने कवडसा २.८ मीटर सरकावयास हवा. कागद हातभर रुंदही नाही. ज्या यंत्राने चार वर्षे खोऱ्यातील कुजबूज ऐकविली, ते आरोळीच्या वेळी कामाचे नव्हते, आणि हा त्याचा दोष नव्हे. नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या बोटांकडून कोणी नारळ फोडून घेत नाही.

सुदैवाने धरणाच्या पोटात दुसरे एक यंत्र बसविलेले होते. धरण हे सलग भिंतीसारखे दिसले तरी ते शेजारी शेजारी उभ्या केलेल्या ठोकळ्यांचे असते. त्यांतील १-अ या ठोकळ्याच्या तळाकडील गॅलरीत प्रवेगलेखक होता. हे यंत्र मुद्दाम मंद केलेले असते. एसटीच्या गाडीने एकाएकी ब्रेक लावला म्हणजे उभा माणूस पुढे झुकतो. त्याचे झुकणे हे गाडीच्या वेगाचे माप नव्हे, वेग किती झपाट्याने बदलला त्याचे माप होय. प्रवेगलेखकातील लहानशी वजने ताठ स्प्रिंगांना बांधलेली असतात आणि ती अशीच झुकतात. तीन वजने, तीन दिशांस: एक धरणाच्या लांबीच्या दिशेने, एक नदीच्या प्रवाहाच्या दिशेने, एक उभ्या दिशेने. प्रत्येकास आरसा, प्रत्येकाचा कवडसा एकाच सरकत्या कागदावर. एरवी यंत्र निद्रिस्त असते. जमीन हलताच एक छोटा लंबक वीजजोडणी करतो, दिवा लागतो, कागद धावू लागतो.

जे यंत्र महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे, काहीच लिहीत नाही, ते जुळलेले आहे की नाही हे कळणार कसे? वुड-अँडरसनची रोजची रेघ तरी निरीक्षकास सावध करते; इथे सावध करणारे कोणी नाही. म्हणून याची परीक्षा मुद्दाम घ्यावी लागते. यंत्र ठरावीक कोनाने कलवावयाचे. तीस अंश कलविले तर कललेल्या दिशेच्या वजनावर गुरुत्वाकर्षणाचा बरोबर अर्धा भाग ओढ घेतो, आणि कवडसा किती मिलिमीटर सरकला ते मोजले की मोजपट्टी हाती येते. दुसरी परीक्षा अशी की, तिन्ही कवडसे कागदाच्या एकाच आडव्या रेषेवर आहेत ना हे पाहावयाचे. एक कवडसा मिलिमीटरभर पुढे पडला तर काय झाले, असे आपणांस वाटेल. पण कागद सेकंदास दोन सेंटिमीटर या चालीने धावत असेल तर एक मिलिमीटर म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. कोयनेच्या धरणाच्या उंच ठोकळ्यांचा स्वाभाविक झोका सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. आडवा आणि उभा धक्का एकाच क्षणी आला की एकामागून एक आला, याचा जाब धरणाच्या दगडांना द्यावा लागतो, आणि तो हिशेब या एका मिलिमीटरने चुकतो. तिसरी गोष्ट दिव्याची आणि बॅटरीची. बॅटरी उतरलेली असेल तर बाकी सारे जुळलेले असून उपयोग शून्य.

त्या पहाटे दिवा लागला. कागद धावला. तिन्ही रेघा उमटल्या.

कागद धुतल्यावर जे दिसले त्याने अभियंते चकित झाले. लांबीच्या दिशेने प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट, उभ्या दिशेने ०.३४ पट. साध्या शब्दांत सांगावयाचे तर, सत्तर किलो वजनाच्या माणसास कोणी बाजूने ४४ किलोंच्या जोराने ढकलावे तसा तो पहिला आकडा. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणक होता ०.०५. हे दोन आकडे एकास एक ताडून पाहणे बरोबर नाही हे येथे सांगितले पाहिजे. आराखड्यातील गुणक हा सारखा लागून राहणाऱ्या जोराचा, आणि यंत्राचा आकडा हा क्षणभर टिकलेल्या कमाल झटक्याचा. तरी अंतर एवढे होते की जुनी पद्धत पुरी पडत नाही हे उघड झाले.

धरण फुटले नाही. तलाव जवळजवळ भरलेला होता; ते फुटते तर खाली पाटण-कऱ्हाडपर्यंतच्या नदीकाठाचे काय झाले असते ते सांगावयास नको. पण उंच ठोकळ्यांना दोन्ही तोंडांवर आडवे तडे गेले, आणि ते तळापासून साधारण ६६ मीटर उंचीच्या आसपास, जेथे भिंतीचा खालच्या अंगाचा उतार एकाएकी बदलतो तेथे. हे तडे तेथेच का गेले? अमेरिकेत बर्कले येथे अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी कोयनेचीच ही रेघ घेऊन संगणकावर धरण हलवून पाहिले, आणि १९७३ त प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखविले की त्या रेघेतील धक्क्यांनी सर्वांत जास्त ताण नेमका त्याच ठिकाणी येतो आणि तो काँक्रीटच्या सहनशक्तीबाहेर जातो. रेघ आणि तडा यांची साक्ष एकमेकांशी जुळली. तोवर सर्व जगात गुरुत्वधरणांचे आराखडे ज्या सोप्या हिशेबाने होत, त्या हिशेबाने हे तडे भाकीत करता आले नसते. धरणाचे उंच ठोकळे पुढे मागच्या अंगास टेकू बांधून मजबूत करण्यात आले. देशाच्या भूकंपविभागांच्या नकाशात जो ‘शून्य’ नावाचा विभाग होता, तो १९७० च्या सुधारित आवृत्तीत राहिला नाही.

येथे कोणी विचारील की कमाल आकडे तर कागदावरून पट्टीने मोजता येतात, मग एवढ्या काटेकोर जुळवणुकीचे कौतुक कशाला? त्याचे उत्तर एका लहान गणितात आहे. प्रवेगावरून जमीन किती सरकली हे काढावयाचे असेल तर रेघेची दोनदा बेरीज करावी लागते, आणि त्यासाठी शून्याची रेषा कोठे धरावी हे माहीत असावे लागते. ती रेषा गुरुत्वाकर्षणाच्या अवघ्या हजाराव्या भागाने चुकली तर दहा सेकंदांनंतर हिशेबात जमीन सुमारे अर्धा मीटर सरकलेली दिसते. प्रत्यक्षात तेवढी ती हललेलीही नसते. अर्धा मीटर हा आकडा वर्तमानपत्रांत छापला गेला असता तर कोणी तो खोडून काढिला असता असे आम्हांस वाटत नाही.

आता त्या मोठ्या वादाकडे. तलावाच्या पाण्याने भूकंप होतो का? अमेरिकेत हूवर धरणाचा तलाव १९३५ नंतर भरू लागल्यावर तेथे धक्के जाणवले होते. चीनमधील शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतील करीबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता या तलावांजवळ १९६२ ते १९६६ या काळात सहाच्या घरातील भूकंप झाले. कोयना त्यांच्या मागून आली आणि सर्वांत मोठी ठरली. ती आजही तशीच गणली जाते. पाण्याच्या वजनापेक्षाही, फटींतून खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब आधीच ताणलेल्या खडकाची पकड सैल करतो, असे मत आज सर्वमान्य आहे. हर्ष गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी तलावाची पातळी आणि धक्क्यांचे प्रमाण यांची वर्षानुवर्षांची सांगड घालून दाखविली आहे. पावसाळ्यात तलाव भरला की पुढच्या काळात धक्के वाढतात, हे कोयनाकाठच्या शेतकऱ्यासही पाठ झाले आहे.

पण ज्यांनी प्रथम शंका घेतली त्यांच्याकडे एक मुद्दा होता आणि तो खोटा नव्हता. तुम्ही यंत्रे १९६३ त बसविली. पाणी १९६१-६२ पासून साठत होते. तर पाण्यापूर्वी येथे लहान धक्के होत नव्हते हे कशावरून? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारी रेघ अस्तित्वातच नाही. पुण्याच्या नोंदी आणि गावकऱ्यांच्या आठवणी यांवरून अनुमान करावे लागले. धरणाच्या खर्चाच्या मानाने दोन-तीन भूकंपलेखकांचा खर्च किती? पाणी अडविण्यापूर्वी पाच वर्षे ते बसविले असते तर पुढचा कित्येक वर्षांचा वाद एका कपाटातील कागदांनी मिटला असता. आमच्या मते कोयनेच्या कथेतील सर्वांत महाग पडलेली काटकसर ती हीच. मूस यांनी ट्राम येण्याआधी अलिबाग सुरू केले. कोयनेस पाणी आधी आले आणि कवडसा मागून.

मापाविषयीची आणखी एक हकीगत सांगितली पाहिजे. चार्ल्स रिक्टर याने १९३५ त भूकंपाच्या तीव्रतेची जी श्रेणी बांधली, ती थेट वुड-अँडरसनच्या कागदावर बांधली. शंभर किलोमीटर दूरच्या भूकंपाने या यंत्राच्या कागदावर एक मिलिमीटरची रेघ काढली तर त्याची तीव्रता ३. दहा मिलिमीटरची काढली तर ४. म्हणजे ‘रिश्टर’ म्हणून आपण जो आकडा बोलतो त्याच्या मुळाशी तारेवरचा तो आरसाच आहे. आणि त्या आरशाचे २८०० पट वर्धन? १९९० त कॅलिफोर्नियातील दोघा संशोधकांनी जुनी यंत्रे पुन्हा काळजीपूर्वक तपासली, तेव्हा ते सुमारे २०८० पटच निघाले. कारखान्याने दिलेला आकडा सहा दशके जगभर कोणी पडताळून पाहिला नव्हता, किंवा पाहिला असला तरी त्याचा गाजावाजा झाला नव्हता. फरकाने श्रेणी कोसळली नाही, कारण ती मुळात कागदावरील मिलिमीटरांवर बांधलेली होती, वर्धनावर नव्हे. पण त्या आकड्यावरून जमिनीचे प्रत्यक्ष हलणे ज्यांनी काढिले होते, त्यांस आपली गणिते पुन्हा करावी लागली.

आज कोयना-वारणा भागातील भूकंपलेखकांत आरसे नाहीत. विजेच्या खुणा थेट आकड्यांत साठविल्या जातात आणि फोटोचा कागद धुण्याची अंधारी खोली इतिहासजमा झाली. १९६७ नंतर या टापूत पाचाहून अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के होऊन गेले. गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर २०१७ त पुरे झाले. ज्या खडकात भूकंप जन्म घेतो त्याच्या शेजारी जाऊन बसावे अशी ती खटपट आहे.

आणि १-अ ठोकळ्यातील ती रेघ अजून कामावर आहे. काँक्रीटचे धरण भूकंपात कसे तडकते हे गणिताने सांगणारी नवी पद्धत कोणी तयार केली, मग तो टोकियोत असो, लिस्बनमध्ये असो की रुरकीस, की तिची पहिली परीक्षा बहुधा कोयनेवर होते: धरणाचा छेद कोयनेचा, धक्का ११ डिसेंबरचा, दहा सेकंदांचा. गणिताने तडा ६६ मीटरांच्या आसपास पाडला तर पद्धत पुढे न्यावयाची, नाही तर पुन्हा सुरुवात करावयाची.